सापडलेली गाठ कुणाच्या हवाली?

आग्रही : माझं म्हणणं सरळ आहे, ताई. भिवंडीजवळच्या राहनाळमध्ये चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या पोटाची एकदा तरी सोनोग्राफी झाली पाहिजे. किडनीचा कॅन्सर मुका असतो. किडनी पाठीकडे, बरगड्यांच्या आडोशाला, चरबीत गुरफटलेली. तिथे सात-आठ सेंटिमीटरची गाठ वाढत असते आणि माणूस पूर्णा-राहनाळच्या गोदामांत खोकी उतरवत असतो. जुन्या पुस्तकांत तीन खुणा दिल्या आहेत : कुशीत दुखणं, लघवीतून रक्त आणि हाताला लागणारी गाठ. या तिन्ही एकत्र आता दहा रुग्णांतल्या एकातही दिसत नाहीत, आणि ज्याच्यात दिसतात त्याचा आजार बहुतेक पुढे गेलेला असतो. लक्षणांची वाट बघत बसलं की उशीर ठरलेलाच. उलट गाठ किडनीपुरतीच असताना हाती लागली, तर अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींप्रमाणे पाच वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त लोक हयात असतात. फुफ्फुसात, हाडात पसरल्यावर कळलं तर वीससुद्धा नाहीत. मशीन आपल्या दारात आलंय, तफावत एवढी मोठी आहे, मग बघायचं नाही ते का?

साशंक : दादा, तुमचे नव्वद आणि वीस हे आकडे खरे आहेत, पण तुम्ही समजता ते त्यांतून सिद्ध होत नाही. समजा, दोन भाऊ आहेत. दोघांच्या किडनीत सारखीच गाठ, दोघांचाही मृत्यू 2035 साली व्हायचा आहे. एकाची गाठ 2026 मध्ये सोनोग्राफीत दिसली, दुसऱ्याची 2033 मध्ये दुखायला लागल्यावर. पहिला निदानानंतर नऊ वर्षं जगला, दुसरा दोन. पहिला तुमच्या पाच वर्षांच्या आकड्यात ‘वाचलेला’ म्हणून मोजला जाणार. त्याला एक दिवस तरी जास्त मिळाला का? मिळाली ती आजाराची सात वर्षं जादा माहिती, आणि तिच्याबरोबर सात वर्षांची धास्ती. दुसरी गोष्ट त्याहून अवघड. सावकाश वाढणारी गाठ शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम करते, म्हणून तपासणीच्या जाळ्यात तीच जास्त सापडते. झपाट्याने वाढणारी दोन तपासण्यांच्या मध्येच डोकं वर काढते. त्यामुळे तपासणीत सापडलेल्या गाठी आधीच जरा सौम्य असतात. त्यांचे रुग्ण जास्त जगले याचं श्रेय तपासणीला द्यायचं की गाठीच्या स्वभावाला?

आग्रही : हा हिशेब मला मान्य आहे. पण त्यातून लवकर शोधण्याचा फायदा मोजणं कठीण आहे एवढंच ठरतं, फायदा नाही असं ठरत नाही. किडनीच्या बाबतीत गाठीच्या आकाराला अर्थ आहे. चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ पहिल्या पायरीत मोजतात आणि अशी गाठ पसरलेली सापडणं विरळा. सात सेंटिमीटरच्या पुढे तेच प्रमाण चढत जातं. तिथे नुसती किडनी काढून भागत नाही, मुख्य शिरेत घुसलेली गाठ काढायला छाती उघडायची वेळही येते. आपल्याकडचे रुग्ण पाश्चात्त्यांपेक्षा तरुण वयात येतात आणि मोठी गाठ घेऊन येतात, हे आपल्या मोठ्या रुग्णालयांतले डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलेत. देशभरात वर्षाला सतरा हजारांच्या आसपास नवे रुग्ण धरले जातात. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरपुढे हा आकडा लहान, कबूल. पण त्यांतल्या एकेकाच्या घरी जाऊन ‘तुम्ही आकड्याने लहान आहात’ असं सांगता येईल का?

आणि माझा खरा राग दुसरीकडे आहे. लवकर निदान सुरू झालंय, फक्त ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पाश्चात्त्य देशांत आज किडनीच्या निम्म्याहून जास्त गाठी दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत अचानक दिसतात. आपल्या शहरांतही तेच होऊ लागलंय. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधला माणूस कंपनीच्या पैशाने दरवर्षी ‘फुल बॉडी’ करून घेतो. त्याची दोन सेंटिमीटरची गाठ दिसते, दुर्बिणीतून किंवा रोबोटने तेवढाच तुकडा काढला जातो, बाकी किडनी शाबूत. खाडीच्या अलीकडे, भिवंडीत, मागावर रात्रपाळी करणारा माणूस पोट दुखून लोळायला लागल्याशिवाय मशीनखाली जात नाही. मी मागतोय ते टॉवरवाल्याला मिळतं तेवढंच.

साशंक : टॉवरवाल्याला मिळतंय ते चांगलंच आहे, असं तुम्ही धरून चालता. मला तिथेच थांबायचंय. अमेरिकेत 1975 पासून किडनीच्या कॅन्सरचं निदान दुपटीहून जास्त वाढलं. सोनोग्राफी आणि सीटी गल्लीबोळात पोचल्यावर दुसरं काय होणार? लहान गाठी धडाधड काढल्या गेल्या. एवढ्या गाठी वेळेवर काढल्या म्हटल्यावर मृत्यू निम्मे व्हायला हवे होते ना? मृत्यूदर बराच काळ जागचा हलला नाही, अलीकडे थोडा उतरला, त्यातही नव्या औषधांचा आणि कमी झालेल्या सिगारेटचा वाटा धरावा लागतो. काढलेल्या लहान गाठींपैकी साधारण पाचवा हिस्सा तर कॅन्सरच नव्हता, असं नंतर प्रयोगशाळेत दिसलं. पाचातला एक माणूस साध्या गाठीसाठी कापला गेला.

कोरियाचं उदाहरण तर धडकी भरवणारं आहे. तिथे 1999 नंतर सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली आणि दवाखान्यांनी थोडे पैसे जादा घेऊन गळ्याची सोनोग्राफीही त्याच्याबरोबर देऊ केली. 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण 1993 च्या पंधरा पट झालं. वर्षाला चाळीस हजार लोकांना कॅन्सर झाल्याचं सांगितलं गेलं. मृत्यू होते तेवढेच राहिले. बहुतेकांच्या ग्रंथी काढल्या, आता ते जन्मभर गोळ्या घेतात. तिथल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. सगळे तुमच्यासारखेच होते.

आग्रही : थायरॉइड आणि किडनी एका तागडीत घालू नका. थायरॉइडच्या बारीक गाठी घेऊन लोक म्हातारे होऊन मरतात. किडनीच्या गाठी मारतात, जगभरात वर्षाला दीड लाखाहून जास्त माणसं. आणि कोरियाने जे केलं नाही ते इंग्लंडने केलं. यॉर्कशरमध्ये फुफ्फुसाच्या तपासणीसाठी, सिगारेट ओढणाऱ्या किंवा ओढलेल्या 55 ते 80 वर्षांच्या लोकांचं सीटी होत होतं. तिथल्या डॉक्टरांनी म्हटलं, माणूस झोपलाच आहे, तर सीटी पोटापर्यंत खाली घेऊ. चार हजारांवर लोक हो म्हणाले. विचारलेल्या शंभरातले नव्वदहून जास्त. लोकांना नको असतं, हे मग मला कुणी सांगू नये.

साशंक : आणि त्या चार हजारांत किडनीचे कॅन्सर किती सापडले? दहा. तेही धूम्रपान करणाऱ्या, वयस्क, म्हणजे निवडून घेतलेल्या लोकांत, आणि सोनोग्राफीपेक्षा किती तरी धारदार सीटीने. त्या दहांसाठी सुमारे आठशे लोकांची चित्रं तज्ज्ञांना पुन्हा बघावी लागली आणि पुढे काही करायची गरज नाही असं ठरलं. तिथे तो तज्ज्ञ त्याच यंत्रणेत बसलेला आहे, फाइल आपोआप त्याच्या टेबलावर जाते. इथे ती फाइल कोण बघणार?

सोनोग्राफीचाच हिशेब हवा असेल तर जपानचा घ्या. तेरा वर्षांत 2,19,640 लोकांची तपासणी केली, 192 जणांत किडनीचा कॅन्सर मिळाला. हजारात एकसुद्धा पुरता नाही. आशियातले अभ्यास एकत्र केले तर दहा हजारांत सहाच्या आसपास येतात. त्या सहांच्या मागे शेकडो लोकांच्या किडनीत साध्या पाण्याच्या पिशव्या दिसणार. पन्नाशीनंतर चारांतल्या एकाला त्या असतातच. प्रत्येकाच्या रिपोर्टवर ‘सिस्ट’ लिहिलेलं असणार, आणि ते वाचून घरात रडारड. शिवाय तीन सेंटिमीटरखालच्या खऱ्या गाठींपैकी बऱ्याच सोनोग्राफीत दिसतच नाहीत. ज्याची हुकली तो ‘सगळं नॉर्मल’ म्हणून निर्धास्त. पुढे लघवी तांबडी झाली तरी म्हणणार, उन्हाळी लागली असेल, सोनोग्राफी तर स्वच्छ आली होती.

आग्रही : म्हणजे पुरावा नाही म्हणून काहीच करायचं नाही?

साशंक : पुरावा मिळवायचा असतो, आणि तो कसा मिळवतात हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलंय. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 52 गावसमूह घेतले, एक लाख एकतीस हजारांवर बायका. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले : कुणाची एचपीव्ही तपासणी, कुणाची पॅप, कुणाची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि एका गटाला नेहमीचीच सेवा. वर्षानुवर्षं मृत्यू मोजले. 2009 मध्ये निकाल आला : एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन पद्धतींत ठळक फरक दिसला नाही. इकडे टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या मंडळींनी मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायका घेतल्या आणि त्यांतल्या निम्म्यांवर दर दोन वर्षांनी तीच व्हिनेगरची तपासणी केली, दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांकरवी. तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचं 2013 मध्ये जाहीर झालं. एकच पद्धत, दोन ठिकाणी दोन निकाल. एवढं करूनही प्रश्न उरतात, तर किडनीसाठी असा एकही प्रयोग झालेला नसताना गावाच्या गाव मशीनखाली कसं घालायचं? कुठल्याही देशात किडनीची सरसकट तपासणी नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी तीनच कॅन्सर आहेत : तोंड, स्तन, गर्भाशयमुख. भिवंडीत गुटखा आणि तंबाखू किती चालतो ते तुम्हाला सांगायला नको. एका सोनोग्राफीच्या पैशात आशाताई बॅटरी घेऊन किती जणांची तोंडं बघेल! केरळच्या प्रयोगात तंबाखू-दारूवाल्यांमध्ये नुसत्या तोंड बघण्याने मृत्यू एक तृतीयांशाने घटले.

आग्रही : बार्शीचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. कुणीतरी खेड्यापाड्यांत जाऊन सुरुवात केली म्हणून पुरावा तयार झाला. मग किडनीसाठी भिवंडीत का नको? इथे माणसं दाटीने आहेत, माग आहेत, डाईंग आहे, रसायनांची गोदामं आहेत. ट्रायक्लोरोएथिलीन नावाचं द्रव्य धातूवरचं ग्रीस काढायला वापरतात. त्याने किडनीचा कॅन्सर होतो हे 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने नि:संदिग्ध ठरवलंय. ज्यांचा अशा पिंपांशी संबंध येतो त्यांना आधी तपासा.

साशंक : कुठल्या गोदामात कुठलं पिंप आहे, हे आग लागेपर्यंत अग्निशमन दलालाही कळत नाही. कामगार तर सहा महिन्यांनी गोदाम बदलतो. कोण कशाजवळ किती वर्षं होता याची नोंदच नसेल तर जोखमीचा गट बांधायचा कसा? आणि प्रयोगाचं म्हणाल, तर दहा हजारांत सहा मिळणाऱ्या आजाराचे मृत्यू घटले की नाही हे ठरवायला काही लाख माणसं आणि पंधरा वर्षं लागतील.

शिवाय मशीन हलवण्याचं काय करता? महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी. उचलून नेण्याजोगं मशीन नोंदणीच्या जागेबाहेर न्यायचं नाही, फिरत्या दवाखान्याच्या अटी पाळल्याखेरीज. ग्रामपंचायतीच्या सभागृहात टेबल मांडून शिबिर भरवलं तर मशीनला सील लागेल आणि डॉक्टर कोर्टाच्या खेपा घालेल.

आग्रही : बघा, किडनी बघायला निघालो की गर्भाचा कायदा आडवा येतो. पंचावन्न वर्षांच्या हमालाच्या पोटात कुठला गर्भ?

(इथे मला मध्ये तोंड घालावंसं वाटतं. या कायद्याच्या जाचाबद्दल रेडिओलॉजिस्ट मंडळींच्या तक्रारी बऱ्याचदा रास्त असतात. पण सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये हजार मुलांमागे 2001 साली 913 मुली असलेल्या महाराष्ट्रात 2011 साली 894 उरल्या, बीडमध्ये 807. तेच मशीन, तोच जेल, पोटाचा तोच भाग, नुसता हात चार बोटं खाली सरकवायचा. मशीन हमालासाठी बाहेर पडलं की ते फक्त हमालापाशीच थांबेल, याची खात्री कुणी दिली तर या वादात मी आग्रहींच्या बाजूला जाऊन बसेन.)

साशंक : कायदा हमालासाठी केलेला नाही, मान्य. पण तो आहे तोवर तुमचं गावशिबिर कागदावरच.

आग्रही : ठीक. गावशिबिर सोडलं. पण मी जे रोज बघतो ते तर सोडता येत नाही. या पट्ट्यात मुतखडा भरपूर. पत्र्याखालचं काम, घामाने निथळलेलं अंग, पाणी कमी, लघवीला जायलाही सुटी नाही. कुशीत कळ आली की माणूस इंजेक्शन घेतो, दुसऱ्यांदा आली की डॉक्टर सोनोग्राफी लिहून देतो. त्या रिपोर्टचा कागद मी हातात घेऊन वाचलाय. एका हमालाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर घडी घातलेला. पहिली ओळ : डाव्या किडनीत चार मिलिमीटरचा खडा. खाली चौथ्या ओळीत : उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला 2.1 बाय 1.9 सेंटिमीटरचा उजळ दिसणारा घट्ट भाग, सीटी करून घ्यावा. सगळं इंग्रजीत. त्याला कुणीतरी तोंडी सांगितलं, ‘खडा आहे, बारीक आहे, पडून जाईल.’ तो पानफुटीची पानं चावत आणि भरपूर पाणी पीत राहिला, खडा पडूनही गेला. कागदाची तारीख दीड वर्ष जुनी होती. ती चौथी ओळ कुणी वाचलीच नाही. इथे नवीन तपासणीचा प्रश्नच नाही, ताई. मशीनने बघितलं, डॉक्टरने लिहिलं, आणि तरीही सापडलेलं हरवलं. पंधरा वर्षांच्या प्रयोगाची गरज इथे तरी लागणार नाही ना?

साशंक : नाही, इथे नाही लागणार. ही गोष्ट वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर तुम्ही आधीच ही मांडली असती तर मी एवढी भांडले नसते. फक्त एक. ती उजळ दिसणारी दोन सेंटिमीटरची गाठ बहुधा कॅन्सर नसेल. सोनोग्राफीत लख्ख पांढरी दिसणारी लहान गाठ पुष्कळदा चरबीने भरलेली, निरुपद्रवी असते. पण काही लहान कॅन्सरही तसेच दिसतात, म्हणून सीटीत चरबी आहे का ते बघायला सांगतात. म्हणजे ‘सीटी करा’ हे वाक्य अगदी योग्य होतं. ते वाक्य अंमलात आणायचं काम कुणाचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

आणि तशीच दुसरी जागा म्हणजे दुखल्याशिवाय आलेली तांबडी लघवी. कळ नाही, जळजळ नाही, एकदा-दोनदा लाल झाली आणि आपोआप थांबली, तर माणूस सुटकेचा नि:श्वास टाकतो. खरं तर चाळिशी-पंचेचाळिशीनंतर अशी लघवी झालेल्याला लगेच युरॉलॉजिस्टकडे धाडायला हवं. त्यात मूत्राशयाचा कॅन्सर किडनीपेक्षाही जास्त वेळा निघतो. ही तपासणी निरोगी माणसाला ओढून आणण्याची नाही. त्याच्या शरीराने हाक दिलेली आहे.

आग्रही : मग आपलं जमलं की.

साशंक : अजून नाही. समजा सीटी झाला आणि चरबी नसलेली, दोन सेंटिमीटरची घट्ट गाठ निघाली. आता काय करणार?

आग्रही : काढणार. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, आता पाच लाखांपर्यंत. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. परप्रांतीय असेल तर आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं. कळव्याच्या नाही तर परळच्या रुग्णालयात नेऊ.

साशंक : नेमकी हीच मला भीती होती. दोन सेंटिमीटरची गाठ तातडीने काढलीच पाहिजे असं आता कुणी जाणकार म्हणत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या पुढाकाराने 2009 पासून अशा लहान गाठी न काढता नुसती नजर ठेवलेल्या लोकांची नोंद ठेवली जातेय. सरासरीने गाठ वर्षाला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढते, काही वाढतच नाहीत, पसरण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन. सहा महिन्यांनी, मग वर्षाने चित्र काढायचं, वेगाने वाढली किंवा तीन-चार सेंटिमीटरकडे गेली तरच हात घालायचा. जगात या विषयाचं वारं आज कुठल्या दिशेने वाहतंय विचाराल तर लवकर शोधा, उगीच घाई करू नका, असं. रक्तातलं किम-1 नावाचं प्रथिन निदानाच्या काही वर्षं आधीच वाढलेलं असतं असं दिसलंय. किडनीच्या ठरावीक कॅन्सरलाच चिकटणारं किरणोत्सर्गी औषध देऊन पेट स्कॅन काढण्याचे प्रयोग झालेत. सगळ्यांचा रोख एकच, कुठली गाठ धोक्याची आणि कुठली सोडून द्यायची हे सुरी न लावता कळावं. आणि तुमच्या हमालाला मधुमेह असेल, बीपी असेल, आणि हाताशी असलेल्या सर्जनला तुकडा काढणं जमत नसेल, तर काय होतं? अख्खी किडनी काढली जाते. दुसरी पंधरा वर्षांनी थकली की माणूस डायलिसिसवर. कॅन्सरने कदाचित कधीच न मरणारा माणूस आपण किडनीच्या रांगेत उभा केलेला असतो.

आग्रही : आता मला बोलू द्या, कारण इथे तुमचं शहाणपण कुणाच्या उपयोगाचं आहे ते बघायला हवं. ‘नजर ठेवा’ म्हणजे पाच वर्षं, दरवर्षी एक-दोन चित्रं, तोच डॉक्टर नाही तर निदान तेच रजिस्टर, आधीची फिल्म जपून ठेवलेली, बदललेला नसलेला फोन नंबर आणि कायमचा पत्ता. हे सगळं टॉवरवाल्याकडे आहे. राहनाळच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहतात. ठेकेदार बदलला की खोली बदलते, खोली बदलली की सिम बदलतं, लग्नसराईत नाही तर पेरणीला माणूस आझमगढला नाही तर तेलंगणात जातो आणि चार महिने येत नाही. आला तर दुसऱ्याच गोदामात. योजनाही मुळात दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारांभोवती बांधलेली आहे. ऑपरेशनला पैसे आहेत, दर सहा महिन्यांनी येऊन बघून जाण्याला कुणी पुसत नाही, उलट त्या दिवसाची हजेरी बुडते. तुम्ही म्हणता तो संयम गरिबाला परवडत नाही. त्याच्यासाठी गाठ हातात असताना काढून टाकणं हेच सुरक्षित. पुढच्या खेपेला तो सापडेलच असं नाही.

साशंक : म्हणजे एकाच गाठीला टॉवरमध्ये नजर आणि चाळीत सुरी?

आग्रही : मला आवडतंय म्हणून नाही म्हणत. तुम्हीच सांगा दुसरं काय.

साशंक : हे मी आधी पुरतं तोललं नव्हतं. मी इतका वेळ तपासणीचा खर्च मोजत होते, वाट बघण्याचा खर्च मोजलाच नव्हता. पण त्यावर तुमचा उपाय मला पटत नाही. पत्ता नाही म्हणून किडनी काढा, हा वैद्यकीय निर्णय होत नाही. मध्ये बायोप्सी आहे. सुईने तुकडा घेऊन बघता येतं, आणि बहुतेकांत निदान कळतं. शंभरातल्या दहा-पंधरांत मात्र तुकड्यातून काहीच ठरत नाही. निरुपद्रवी निघाली तर माणसाला मोकळं करा, मग तो कुठेही जाऊ दे. धोक्याची निघाली तर काढा. नजर ठेवणं ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी सुरीच्या आधी सुई.

आग्रही : चालेल. तर मग सुरुवात वहीपासून करू. नवी सोनोग्राफी एकही नाही. ज्यांच्या आधीच्या रिपोर्टात किडनीत घट्ट गाठ लिहिली आहे आणि ज्यांना न दुखता तांबडी लघवी झाली आहे, तेवढ्यांचीच नावं. आणि ही वही सोनोग्राफी सेंटरने ठेवावी. तुमचा तो कायदाच मला रस्ता दाखवतोय बघा. गरोदर बाईसाठी एफ फॉर्म भरतात, तो दोन वर्षं जपतात, तपासणीला अधिकारी येतात. म्हणजे कागद जपता येतो, मागे लागता येतं. मग किडनीतल्या गाठीसाठी का नाही?

साशंक : तो कागद तुरुंगाच्या धाकाने जपला जातो. गाठीच्या नोंदीलाही तसा धाक लावला तर काय होईल? कुठलाही डॉक्टर पाच मिलिमीटरचा ठिपकासुद्धा सोडणार नाही. प्रत्येक रिपोर्टखाली ‘सीटी करून घ्या’ येईल, आणि मागच्या दाराने आपण पुन्हा कोरियात.

आग्रही : मग मर्यादा ठेवा. एक सेंटिमीटरखालचं लिहायचं नाही.

साशंक : लिहायचं नाही असं कसं? दिसलं ते लिहावंच लागेल. पाठपुरावा कुठपासून, एवढंच ठरवता येईल. एक सेंटिमीटर मला तरी कमी वाटतं.

आग्रही : आपल्याकडे तरुण लोक मोठ्या गाठी घेऊन येतात, असं मी सुरुवातीलाच म्हणालो होतो. मागावरच्या अडतीस वर्षांच्या पोराची दीड सेंटिमीटरची गाठ तुम्ही मर्यादेच्या खाली म्हणून सोडणार? आकड्यावर अडू नका. वयाप्रमाणे ठरवू.

साशंक : वयाप्रमाणे म्हणजे तरुणाच्या मागे जास्त लागायचं, आणि गावी जाऊन न परतणाराही तोच. त्याला फोन कोण करणार?

आग्रही : मी करेन. आणि तो पलीकडून म्हणाला, ‘भाईसाब, निकलवा ही दीजिए,’ तर?

साशंक : तर सांगा, आधी सुई. मग तो विचारेल, त्यासाठी मुंबईला किती खेपा आणि किती दिवसांची हजेरी. ते आधी विचारून ठेवा, दादा. मला ते सांगता यायचं नाही.